परकर हिरवा, जरीकाठी

शुक्रवार, २ मे १९८६. शिरूर अनंतपाळ

सोमवारपासून शिबिर. सगळी आखणी झाली होती, आणि आज सकाळी ट्रस्टचं पत्र आलं.

लातूरच्या सात दाल मिलवाल्यांनी मिळून हा ट्रस्ट काढला आहे. दुष्काळ म्हणून गेल्या वर्षापासून उन्हाळी शिबिरं ठेवतात. यंदा पाच गावांत, त्यातलं इथलं माझ्याकडे आहे. सकाळी खेळ आणि हस्तकला, दुपारी जेवण, घरी जाताना प्रत्येक मुलाला एक घागर पाणी. टँकर ट्रस्टचा. आमच्याकडे बेचाळीस मुलांची नावं आली आहेत, म्हणजे रोज बेचाळीस घागरी. एरवी गावाला आठवड्यातून एक टँकर येतो, त्यावर भांडणं होतात. तेव्हा मुलं खेळायला येणार की घागरीसाठी, याबद्दल मला भ्रम नाही.

पत्रात असं की वीस तारखेनंतर पाचपैकी तीनच गावांचा टँकर चालू राहील, पाऊस पडेपर्यंत. कुठली तीन ते सतरा तारखेच्या बैठकीत ठरेल. त्यासाठी प्रत्येकाने मुलांच्या उपक्रमांचे फोटो चौदा तारखेपर्यंत आणून द्यावेत. गेल्या वर्षी कुठल्याशा गावात शिबिर नुसतं कागदावर झालं म्हणे, म्हणून हा दंडक.

निवृत्त होईपर्यंत नांदेडला मुलींच्या शाळेत मी तीस वर्षं काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. फोटो म्हटलं की मला मार्चमधला ग्रुप फोटो आठवतो. उंच मुली मागे, ठेंगण्या पुढे, मधल्या खुर्चीवर मी. काढणारा दुसरा.

दुपारच्या एसटीने लातूर गाठलं. जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, तरी स्टँडवरच्या एका पाटीत नव्या रंगाखालून ‘जि. उस्मानाबाद’ दिसतंच. गंजगोलाईजवळ विरूपाक्षचा फोटो स्टुडिओ आहे. तो माझ्या धाकट्या बहिणीचा दीर. म्हटलं, दोन दिवस एक माणूस दे.

“लग्नसराई हाय अक्का. माणूस तर सोडा, माझा स्वतःचा मेव्हणा बी मोकळा न्हाई. तुम्हीच काढा.”

“मी साठीला आले.”

“कॅमेरा बी जुनाच हाय. जमतंय तुमचं.”

काळा डबा कॅमेरा दिला आणि दोन रोल. एका रोलमध्ये फोटो बाराच. त्याने सांगितलेलं जसंच्या तसं लिहून ठेवते: सूर्य आपल्या पाठीशी हवा. माणूस सहा पावलांवर, त्याच्या आत आला की पुसट होतो. श्वास धरून बटण हळू दाबायचं. दाबलं की लगेच किल्ली फिरवायची, मागच्या तांबड्या खिडकीत पुढचा आकडा येईस्तोवर. विसरलं तर एकावर एक दोन फोटो. रोल सावलीत बदलायचा. सावली नसली तर पदराखाली.

“अन् पोरांना ‘इकडं बघा’ म्हणू नका,” तो म्हणाला.

हे मला पटलं नाही. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही तर फोटो काढायचा कशाला?


सोमवार, ५ मे

बेचाळीसपैकी एकेचाळीस हजर. मातीकाम, लेझीम, गाणी. मोठ्या मुलांसाठी मी गणिताचा एक तास बाहेर ठेवला आहे. शाळेमागच्या विहिरीत गाठी मारलेली दोरी दगड बांधून तळापर्यंत सोडायची, वर ओढायची, किती ओली झाली ते मोजायचं आणि वर्गाच्या भिंतीवर खडूने मांडायचं. दोन हातांवर एक गाठ, अशा चौदा गाठी. आज शेवटच्या दोन ओल्या निघाल्या.

स्वयंपाकाला शरणम्मा आहे. हात चांगला, जीभ त्याहून चालू.

शेवटी मुलांना उभं करून सांगितलं, “परवा फोटो. सगळ्यांनी नीटनेटकं यायचं. मळका, फाटका कपडा चालणार नाही. तसं कुणी आलं तर त्याला फोटोतून बाजूला काढीन.” नांदेडला हेच वाक्य तीस वर्षं पुरलं.


बुधवार, ७ मे

मुलं आली ती वऱ्हाडासारखी. तोंडाला पावडर, डोळ्यांत काजळ, मुलांच्या अंगात लग्नातले टेरिलिनचे सदरे. पाचवीतली रुद्राणी पायघोळ हिरव्या जरीकाठी परकरात. मातीला कुणी हात लावेना.

“अगं, बैल करायचेत ना? हात घाल.”

“न्हाई बाई. परकर खराब झाला तर आई मारती.”

लेझीम खेळायला लावली तर सगळी आपापल्या कपड्यांकडे बघत पावलं टाकत होती. शेवटी कंटाळून ओळी केल्या. उंच मागे, ठेंगणी पुढे. कॅमेरा डोळ्याला लावला की कुणीतरी हलायचं, म्हणून “सावधान” म्हटलं. मग कुणी हललं नाही. बारा फोटो अर्ध्या तासात झाले. एवढंच होतं तर विरूपाक्षने उगाच बाऊ केला.

शरणम्मा चुलीपाशी म्हणाली, “बाई, आज गावात पोरंच तेवढी न्हाली बघा. माझ्या शेजारणीनं काल भाताला पाणी घेतलं न्हाई. ते पाणी आज सकाळी पोराच्या डोक्यावर गेलं.”

“असला मूर्खपणा करायला कुणी सांगितलं होतं?”

तिने माझ्याकडे बघितलं. मग चुलीत लाकूड सारलं.


गुरुवार, ८ मे

शिबिर शरणम्मावर सोपवून लातूरला गेले. विरूपाक्षने फोटो धुऊन काउंटरवर पत्त्यांसारखे मांडले. दोन एकावर एक. तिघांत मागच्या ओळीची डोकी उडालेली. चारांत मुलांच्या अंगावर एक मोठी काळी सावली.

“ही कोण?” मी विचारलं.

“तुम्हीच की अक्का. सूर्य पाठीमागं ठेवा म्हणलो होतो, पण सकाळी सातला सूर्य खाली असतोय. तुम्ही सावलीसकट आलाव फोटोत.”

उरले तीन. त्यांत मुलं स्पष्ट आहेत, कपडे स्पष्ट आहेत. चेहरे शिक्षा झाल्यासारखे.

तरी ते तीन घेऊन ट्रस्टच्या सचिवांकडे गेले. रेवणप्पा, स्वतः मिलवाले, सत्तरीचे. बोलता बोलता तुरीचा नमुना तळहातावर घेऊन फुंकर मारत होते. फोटो घेतले, चष्मा कपाळावर सारून बघितले.

“बाई, ही वरात कुणाची?”

“आमच्या शिबिराची मुलं आहेत.”

“या पोरांना टँकर कशाला लागतोय? यांच्याकडं तर आमच्या घरापेक्षा जास्त पाणी दिसून राहिलंय.” मग जरा नरम आवाजात म्हणाले, “तुम्ही शिकल्या-सवरल्या. मी डाळ मुठीवरून ओळखतो, पोतं उघडत न्हाई. समितीचे सात जण बी तसेच. गावात कुणी येणार न्हाई, फोटो बघणार. मुठीत असं आलं तर पोत्यात काय हाय म्हणायचं?”

त्यांनी दुसऱ्या एका गावाचा लखोटा उघडून दाखवला. मुलं उघडी, पुढ्यात पालथी भांडी. एक मुलगी रडते आहे. ती रडत नव्हती, तिला रडवली होती. इतकी वर्षं मुली बघितल्यात, तेवढं मला कळतं.

“हे पटतंय लोकांना,” ते म्हणाले. “चौदापर्यंत वेळ हाय.”

एसटीत उभ्याने परत. दुसरा रोल पिशवीत.


शुक्रवार, ९ मे

सुटीच्या वेळी मुलांना सांगितलं की सोमवारी परत फोटो. घरातला सगळ्यात जुना, फाटका कपडा घालून यायचं. केस विंचरायचे नाहीत. मुलं हसायला लागली, त्यांना गंमत वाटली. मला सांगताना बरं वाटलं नाही, पण बेचाळीस घागरींपुढे माझ्या वाटण्याचं काय?

संध्याकाळी रुद्राणीची आई आली. सिद्धम्मा. नवरा उदगीरला अडत दुकानावर हमाली करतो, ही इथे सासूजवळ. दारातूनच बोलायला लागली.

“माझी लेक फाटक्यात येणार न्हाई.”

“सगळ्या मुलांसाठी आहे ते. टँकरसाठी.”

“टँकरसाठी मी काय बी करीन. डोक्यावर चार कोस पाणी आणीन. पण तिचा भिकाऱ्यासारखा फोटो लातूरच्या सावकारांच्या मेजावर जायचा न्हाई. पाणी न्हाई हो आमच्याकडं. अब्रू हाय.”

“अब्रू पिता येत नाही,” मी म्हणाले. (हे बोलायला नको होतं.)

ती उंबऱ्यावर बसली. आवाज खाली आला. “बाई, तुम्ही मला वळखलं न्हाई. मी नायगावची. नांदेडला मामाकडं राहून तुमच्या शाळेत नववीपर्यंत शिकले. नववीच्या ग्रुप फोटोत मी न्हाई.”

“आजारी असशील.”

“आले होते. वेणी घालून आले होते. पोलक्याला खांद्यावर ठिगळ होतं. तुम्ही हाताला धरून बाजूला काढलंत. मी कडुलिंबाखाली उभी होते, फोटो निघेपर्यंत.” पदर सारखा करून ती उठली. “तुमचं ‘नीटनेटकं या’ माझ्या लेकीनं घरी येऊन सांगितलं, तवा मी दोन दिवसाचं पाणी राखलं. आता म्हणता फाटकं घाला. एकदा काय ते ठरवा.”

गेली. सोमवारी मुलीला पाठवणार नाही म्हणाली, आणि तिच्यासारख्या आणखी पाच-सहाजणी आहेत म्हणाली.

मला ती आठवत नाही. शिस्त म्हणून केलं असेल. वर्गात चाळीस-चाळीस मुली, प्रत्येकीचं पोलकं कोण लक्षात ठेवतं?


शनिवार, १० मे

ट्रंकेतून ग्रुप फोटो काढले. १९६७, नववी ब. मागे माझ्याच अक्षरात ‘पटावर ३९’. ओळी मोजल्या. दोनदा मोजल्या. अडतीस. उजव्या कडेला झाडाचा बुंधा आहे आणि त्याच्याजवळ जमिनीवर एक लहान सावली. कशाचीही असेल.

त्या फोटोत एकही मुलगी हसत नाही. मीही नाही. हे आजवर लक्षात आलं नव्हतं.

मग या वहीतलं पाच तारखेचं पान वाचलं. ‘मळका, फाटका कपडा चालणार नाही.’ आणि सात तारखेला मी शरणम्माला विचारलं आहे की असला मूर्खपणा करायला कुणी सांगितलं होतं. माझ्याच अक्षरात आहे, तेव्हा वाद घालायला कुणी नाही.

दुपारी मुलांना म्हटलं, कालचं विसरा. कसले कपडे घालायचे ते तुमच्या आयांना ठरवू द्या. शरणम्माकरवी सिद्धम्मालाही निरोप धाडला.

पण मग फोटो कसले काढायचे? सजवून काढले तर टँकर जातो, फाटक्यात काढले तर ही बाई मुलगी नेते, आणि तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. चार दिवस उरले.

जीपवाल्याबरोबर विरूपाक्षला चिठ्ठी पाठवली. संध्याकाळी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर आलं: ‘अक्का, रिकामा कॅमेरा गळ्यात घालून फिरा. सारखं खटखट करा. पोरं कंटाळली की मग रोल भरा. आणि खाली बसा. तुम्ही उभ्या राहिल्या की मी बी सरळ होतो.’

शेवटचं वाक्य आगाऊपणाचं आहे.


रविवार, ११ मे

रिकामा कॅमेरा घेऊन फिरले. पहिला तासभर मी जिथे वळेन तिथे मुलं सरळ उभी. मी “आपलं काम करा” म्हटलं की आणखी सरळ. शरणम्मा भाकरी थापता थापता हसत होती.

“बाई, तुम्ही डोळा मिटला तरी पोरांना वाटतंय छडी येऊन राहिली.”

“मी छडी कधीच वापरली नाही.”

“त्याचीच तर भीती.”

तिने आतून पाट आणून दिला. गुडघ्यांची कुरकुर ऐकत त्यावर बसले. खटखट करत राहिले. दहा वाजेपर्यंत मुलं विसरली. एकाने मातीचा बैल केला आणि शिंगं फार मोठी झाली म्हणून स्वतःच मोडून रडला. रुद्राणी आली होती, त्याच हिरव्या परकरात. आईचा हुकूम असणार की न जाणो, कधी फोटो निघेल. मातीकामाला तिने परकर गुडघ्यापर्यंत खोचला आणि चांगले तीन बैल केले. उभी असताना मला मुलांच्या डोक्यांचे भांग दिसतात. पाटावरून तोंडं दिसली.

किल्ली फिरवायचीही सवय झाली. खट, किल्ली. खट, किल्ली.


सोमवार, १२ मे

सकाळी पदराखाली रोल भरला. कुणाला सांगितलं नाही. सिद्धम्माने मुलीला पाठवलं होतं.

दहानंतर सुरुवात केली, ऊन वर आल्यावर, म्हणजे माझी सावली माझ्या पायाशी. बैलाला वशिंड लावणारा हात. लेझीम चुकून एकमेकांवर आदळलेली दोन मुलं. जेवणाच्या पंगतीत वरणाकडे बघणारा एक. अकरा फोटो झाले. बरे असावेत. पण आत कुठेतरी माहीत होतं की यांतून टँकरचं काहीच कळत नाही. मुलं खेळतात हे दिसतं, तहान दिसत नाही.

शेवटचा तास विहिरीचा. तो फोटो काढण्यासारखा आहे असं मला वाटलं नव्हतं; गणिताचा तास तो. शरणम्मा कठड्यापाशी उभी राहून मुलांना मागे धरत होती. दोरी खाली गेली, दगड तळाला लागला, वर ओढली. रोजच्याप्रमाणे चौदा मुलांनी एकेक गाठ धरून ती अंगणात लांब केली. एक ते चौदा, मोठ्याने आकडे म्हणत. पहिली गाठ कोरडी. दुसरी कोरडी. अशा तेरा.

पाच तारखेला दोन ओल्या होत्या. आज शेवटची एकच.

चौदाव्या गाठीसाठी भांडण झालं. मला वाटलं, मोजायला. तसं नव्हतं. ती गार असते. मुलं रोज त्या एका गाठीसाठी भांडत होती आणि मी भिंतीवरचे आकडे तपासत होते. आज ती रुद्राणीला मिळाली. तिने गाठ दोन्ही हातांत धरली, गालाला लावली आणि डोळे मिटले.

“रुद्राणी, वेळ घालवू नको, आकडा…” एवढं माझ्या ओठांवर आलं होतं.

“बाई, बोलू नका,” शरणम्मा हळूच म्हणाली.

मला असं कुणी आजवर सांगितलं नव्हतं. मी बोलले नाही. पाटाकडे जायला वेळ नव्हता, तशीच मातीत बसले. सहा पावलं अंदाजाने. श्वास धरला.

खट. तांबड्या खिडकीतला बारा संपला.


मंगळवार, १३ मे

लातूर. विरूपाक्षने फोटो ओले असतानाच बघू दिले. अकरांपैकी आठ नीट. बारावा त्याने चिमट्यात धरून दाराशी उजेडात नेला आणि बराच वेळ आत आला नाही.

फोटोत पुढे रुद्राणी, डोळे मिटलेले, गाठ गालाशी. तिच्यापासून दोरी तिरकी मागे जाते, गाठीगाठीला एकेक मूल, लहान लहान होत गेलेलं. कोरडी दोरी पांढरी आली आहे. तिच्या हातातली गाठ तेवढी काळी. इतकी सरळ ओळ मला आयुष्यात ओरडून करता आली नव्हती.

“अक्का, हा मोठा करून देतो,” विरूपाक्ष म्हणाला. “अन् आता इथूनच मिलवर जावा, रेवणप्पा बसलेत.”

“आज नाही. गावाला जाऊन येते.”

“उद्या शेवटचा दिवस हाय! एसटी चुकली, टायर फुटला तर?”

“तर चालत येईन.”

संध्याकाळी सिद्धम्माकडे गेले. तिच्या सासूने पाट मांडला. फोटो तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “हा लातूरला न्यायचा की नाही ते तुम्ही सांगा. नको म्हणालात तर नेणार नाही.” मी तिला ‘तुम्ही’ म्हटलं हे मला तिथून निघाल्यावर लक्षात आलं.

तिने फोटो चुलीच्या उजेडाशी धरला. रुद्राणी खांद्यावरून वाकून बघत होती.

“केस विस्कटलेत,” सिद्धम्मा म्हणाली.

“हो.”

“अन् परकर काळा दिसून राहिला. हिरवा हाय तो. माझ्या लग्नातल्या लुगड्याचा शिवलाय.”

“फोटोत रंग येत नाही.”

“मग मागं लिहा. हिरवा हाय म्हणून. जरीचा काठ हाय म्हणून.” तिने फोटो परत दिला. “लिहा अन् न्या.”

तिथेच बसून लिहिलं. ती अक्षर अन् अक्षर वाचत होती.


बुधवार, १४ मे

पहिली एसटी मिळाली, टायर फुटला नाही. रेवणप्पांनी नऊ फोटो एकेक करून बघितले. शेवटच्यावर हात थांबला. दुसऱ्या हातातली तूर त्यांनी पोत्यात परत टाकली. फोटो उलटा करून मोठ्याने वाचलं:

“‘रुद्राणी, इयत्ता पाचवी. परकर हिरवा, जरीकाठी. दोरी अठ्ठावीस हात. पाच मे, ओल्या गाठी दोन. बारा मे, एक.’” चष्मा काढला. “हे परकराचं कशाला?”

“तिच्या आईची अट आहे. फोटो द्यायचा तर ते वाचलंच पाहिजे.”

“आज चौदा. आज किती ओली?”

“आज मी इथे आहे. शरणम्मा मोजेल. एक भरली तर पुष्कळ.”

त्यांनी तो दुसऱ्या गावाचा रडणाऱ्या मुलीचा लखोटा काढला, आमचा त्याच्याशेजारी ठेवला, दोन्हींकडे बघितलं. मला चहा मागवला. व्यापाऱ्याच्या चहाचा अर्थ मला लागत नाही.


रविवार, १८ मे

काल बैठक झाली. आज दुपारी मिलचा माणूस मोटारसायकलवरून आला. मी वरांड्यात तांदूळ निवडत होते. त्याने चिठ्ठी दिली. आमचा टँकर पाऊस पडेपर्यंत. आणि पाचही गावांचे चालू राहणार, तीनच नव्हे. सातजणांनी वर्गणी वाढवली. त्या रडणाऱ्या मुलीच्या गावालाही पाणी मिळेल. हे वाचून तर मला खाली बसावं लागलं. बसलेलीच होते, ते विसरले होते.

खाली रेवणप्पांच्या हातचं: ‘समितीत सर्वांना परकराचे वाचून दाखविले.’

शरणम्माला सांगितलं. तिने आधी चुलीला हात जोडले, मग मला म्हणाली, “आता तरी हसा की बाई.” मी हसलेच होते. तिला दिसलं नसावं.

सिद्धम्माला सांगायला स्वतः गेले. ती म्हणाली, “बरं झालं.” मी म्हणाले, “हो.” मग ती म्हणाली, “कडुलिंबाखाली सावली तरी होती, बाई. तुम्ही सगळ्या उन्हात होता.” दोघींनी चहा घेतला. विरूपाक्षने मोठी करून दिलेली प्रत तिच्या भिंतीवर लागली आहे. तिच्याही मागे मी तेच लिहून दिलं होतं. मागची बाजू भिंतीकडे गेली म्हणून तिने तेच शब्द एका कागदावर लिहून खाली चिकटवले आहेत. अक्षर चांगलं आहे. नववीतच बंद व्हायला नको होतं.


मंगळवार, २० मे

टँकर वेळेवर आला. बेचाळीस घागरी भरून गेल्या, आणि आज हौदात थोडं उरलंही.

कॅमेरा परत द्यायचा आहे. पुढच्या वर्षी माझ्यासारख्या कुणाच्या गळ्यात पडला तर उपयोगी पडेल म्हणून त्याच्या पिशवीत चिठ्ठी ठेवते आहे. सूर्य पाठीशी हवा, पण फार सकाळी नको. सहा पावलं, किल्ली, सावली, हे विरूपाक्ष सांगेलच. दोन दिवस रिकामा कॅमेरा घेऊन फिरावं. जमिनीवर बसावं, गुडघे दुखले तरी. ओळी करू नयेत, मुलं आपल्या कामासाठी ओळ करतात तेव्हा ती बघावी. जे दाखवण्यासारखं नाही असं वाटतं तिथे एक फोटो राखून ठेवावा. ‘नीटनेटके या’ असं सांगू नये. आणि ज्याचा फोटो, त्याच्या घरी आधी दाखवावा.

सुटीच्या वेळी मुलांना म्हटलं, “उद्यापासून फोटो नाहीत. कसेही या.”


बुधवार, २१ मे

सगळी अंघोळ करून आली. सदरे रोजचेच, कुणाचं बटण गेलेलं, कुणाच्या खांद्यावर ठिगळ. पण केसांतून पाणी निथळत होतं आणि एकमेकांवर झटकत होती. इतका गलका मी शाळेत चालू दिला नसता.

कॅमेऱ्यात रोल नव्हता. तरी मातीत बसले, सहा पावलं धरली आणि बटण दाबलं. मग किल्लीही फिरवली. कुणी विचारलं असतं तर सराव म्हणाले असते. कुणी विचारलं नाही. कुणी सरळसुद्धा झालं नाही.